अर्गिरोची जीभ

"किती शांत आहे हो तुमचा किनारा!"

उन्हाळ्यात आलेला प्रत्येक पाहुणा मला हे ऐकवतो. मग माझ्या खाणावळीच्या खुर्चीत पाय पसरतो आणि बघत बसतो. समोर पाणी, डावीकडे झाऊची झाडं, उजवीकडे जुन्या देवीच्या देवळाचे उरलेसुरले खांब, आणि तिथून थेट समुद्रात उतरलेली ती पुराणी भिंत. मी मान डोलावते आणि तळलेले मासे आणून त्याच्यापुढे आदळते. काय सांगू त्यांना? अरे बाबांनो, हा किनारा शांत नव्हता! इथे अर्गिरो होती. म्हणजे अजून आहे. ती काय, तिच्या भाड्यानं द्यायच्या छत्र्यांच्या रांगेच्या टोकाला, काळ्या कपड्यांत, मांडीवर अंजिरांची टोपली घेऊन बसलीय. पण तेव्हा तिला तोंड होतं.

आणि काय तोंड होतं! भांडखोर बायका आमच्या बेटावर कमी नाहीत. मी स्वतः, झाबेता, माझ्या जिभेला घाबरून माझा नवरा मासे नसले तरी दिवसभर होडीत बसून राहायचा. पण अर्गिरोची गोष्टच वेगळी. ती शिवी देत नसे, शाप द्यायची. सकाळी उठून वाऱ्याला शाप, कारण त्यानं छत्री उलटी केली. बकरीला शाप, कारण तिनं वाळत घातलेला झगा चघळला. बसवाल्याला उशीर झाला की ती रस्त्यात उभी राहून ओरडायची, "तुझ्या चाकांना संधिवात होवो! तुझा ब्रेक तुझ्या बायकोचं ऐको आणि तुझं कधीच न ऐको!" पोस्टमनला एकदा म्हणाली, "तुझ्या गाढवाला सून मिळो आणि ती तुझ्या घरी नांदायला येवो." बस थांबवून लोक ऐकायचे.

कुणी घाबरत नसे. कशाला घाबरतील? तिच्या शापानं कुणाची कोंबडी मेली नाही. उलट गावातले बाप्ये कॉफी पिता पिता तिला मुद्दाम डिवचायचे. "अर्गिरो, तुझी अंजिरं आंबट निघाली गं!" की झालं सुरू. फुकटचा तमाशा! मीही काही कमी नव्हते. नवीन पाहुणे आले की मी त्यांना गोड आवाजात सांगायची, त्या छत्रीखाली खुशाल बसा, ती सार्वजनिक आहे. मग अर्गिरो धावून यायची आणि आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोट धरून हसायचो.

तिचा नवरा निकितास खलाशी होता. हिवाळ्यातल्या एका वादळात त्याची बोट गेली, माणसं गेली, हाडसुद्धा परत आलं नाही. आणि आमच्याकडे हाड परत येणं ही साधी गोष्ट नाही. आमची दफनभूमी या किनाऱ्यावरच्या कड्यावर आहे, हातरुमालाएवढी, भोवती सगळा खडक. तिथे माणूस कायमचा झोपू शकत नाही. तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं काढायची, वाइननं धुवायची, पेटीत भरायची, पेटीवर नाव घालून चॅपलच्या मागच्या खोलीत ठेवायची. मग खड्डा पुढच्या माणसाला. बायका त्या खोलीत जातात, आपापल्या पेटीपुढे दिवा लावतात, पेटीशी गप्पा मारतात, सुनांच्या चहाड्या सांगतात. अर्गिरोकडे पेटी नव्हती. तिच्याकडे निकितासची लोकरीची टोपी होती, ती तिनं घरात मरियमआईच्या तसबिरीशेजारी ठेवली होती. शनिवारी बायका वर जायच्या तेव्हा ही घरी टोपीपुढे दिवा लावायची.

हाडं काढायचं काम आमच्याकडे कालिरोई करते. तिची आई करायची, आता ती करते. हाडं मधासारखी पिवळी आणि स्वच्छ निघाली तर कालिरोई कवटी उचलून सगळ्यांना दाखवते आणि म्हणते, "माफ झालं!" आणि नाही निघाली तर? मातीनं माणूस खाल्लाच नाही, तर? तर समजायचं की त्याच्यावर कुणाचा तरी शाप आहे. मग परत पुरायचं, पाद्रीबाबांनी परत मंत्र वाचायचे, आणि त्या घरावर कायमचं बोट. आणि सगळ्यांत जड शाप कुणाचा, हे इथे शेंबड्या पोरालाही विचारा. आईचा.

तर स्तामातिस. अर्गिरोचा एकुलता एक. देखणा होता मेला, नाही कशाला म्हणू. कामाच्या नावानं पूज्य. उन्हाळाभर त्याचा एकच उद्योग, त्या जुन्या भिंतीच्या टोकावर चढायचं, परदेशी पोरींकडे बघून केसांतून हात फिरवायचा आणि डोक्यावर सूर मारायचा. पोरी टाळ्या वाजवायच्या. अर्गिरो छत्रीखालून ओरडायची, "खेकडे तुझं नाक नेवोत! माशांना तुझी दया येवो आणि ते तुला परत न पाठवोत!" तो पाण्यातून डोकं काढून तिला मुका फेकायचा. ती अजून चिडायची. पण तो ओला येऊन बसला की टॉवेलनं त्याचं डोकं असं खसाखसा पुसायची की तो ओरडायचा, "आई, कान उपटशील!"

ऑगस्टातल्या मरियमआईच्या सणाचा आदला दिवस होता. किनारा भरलेला, माझ्याकडे एक टेबल रिकामं नाही. अर्गिरो पाण्याच्या बाटल्या घेऊन छत्र्यांमधून फिरत होती आणि एकदम थांबली. वाळूत एक पिवळ्या केसांची पोरगी बसली होती. अंगावर जवळजवळ काही नाही आणि डोक्यावर निकितासची टोपी.

स्तामातिसनं दिली होती. पोरगी म्हणाली असेल, किती छान टोपी, आणि त्यानं काढून दिली, झालं.

अर्गिरोनं टोपी पोरीच्या डोक्यावरून ओढून घेतली. पोरगी किंचाळली. मग अर्गिरो वळली. स्तामातिस भिंतीवर चढत होता. आम्ही सगळे खुर्च्या वळवून बसलो, मी तर हातातला मासा तसाच धरून दारात आले. आता बघा कसं रंगतं ते, असंच प्रत्येकाच्या मनात. आणि ती ओरडली. नेहमीचं गाढव नाही, खेकडे नाहीत, गंमत नाही.

"माती तुला न खावो!" ती ओरडली. "ऐकतोयस का? बापाला माती मिळाली नाही, तुला मिळो आणि ती तुला न खावो!"

किनारा गप्प झाला. परदेशी लोकांना शब्द कळले नाहीत, तेही गप्प. स्तामातिस वर टोकाला पोचला होता. तो हसला, तिला मुका फेकला आणि सूर मारला.

त्या वर्षीच्या हिवाळी लाटांनी देवळाच्या खांबाचा एक गोल दगड भिंतीच्या पायथ्याशी आणून टाकला होता. कुणाला माहीत नव्हतं. मान मोडली. बाहेर काढला तेव्हा चेहऱ्यावर ओरखडाही नव्हता. अर्गिरो टोपीनं त्याचं डोकं पुसत होती, खसाखसा, आणि कुणीतरी म्हणालं, अगं सोड, कान उपटशील. कोण म्हणालं ते मला आठवत नाही. मीच असेन.

दफनाच्या दिवशी तिला कुणी काही बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. शवपेटी खाली सोडताना कालिरोईनं तेवढं मातीकडे बघितलं, चिमूटभर उचलून बोटांत चोळली आणि म्हणाली, "कोरडी आहे. बघू तीन वर्षांनी." बस. तेवढंच. पण साऱ्या गावानं ऐकलं आणि साऱ्या गावानं दिवस मोजायला घेतले.

त्या दिवसापासून अर्गिरोचं तोंड बंद. वारा छत्र्या उडवून नेई, ती उठून गोळा करी. बकरी टोपलीत तोंड घाली, ती टोपली उचलून घेई. बाप्यांनी चिथवून पाहिलं, "अर्गिरो, अंजिरं आंबट आहेत हं!" ती म्हणायची, "असतील बाबा." अरे, काय मजा राहिली मग! बसवाला मुद्दाम उशिरा यायला लागला, तरी काही नाही. शेवटी लोकांनी नाद सोडला आणि तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे बोलायला लागले, ते जास्त सोयीचं होतं.

तिला एकच हवं होतं, पोराची हाडं स्वच्छ निघायला हवी होती. एकच पेटी, तिच्यावर त्याचं नाव, आणि शनिवारी दिवा लावायला एक जागा. आणि कालिरोईच्या तोंडून दोन शब्द. त्यासाठी ती पाद्रीबाबा फोटिसकडे गेली. पाद्रीबाबा तसे भले, पण झोपाळू.

ते म्हणाले, "आईनं दिलेलं आईनंच सोडवायचं. पाण्यात मीठ घाल, ढवळ, कबरीवर ओत आणि म्हण, जसं हे मीठ विरघळलं तसा माझा शब्द विरघळो. जुनी रीत आहे."

त्यांना वाटलं ती एकदा करील. ती रोज करायला लागली. रोज सकाळी दोन बादल्या घेऊन कडा चढायची. हिवाळ्यात वाऱ्यानं निम्मं पाणी अंगावर सांडायचं, तरी चढायची. आम्ही खालून बघायचो. सुरुवातीला बायका म्हणायच्या, बिचारी. मग काही म्हणेनाशा झाल्या. कबरीच्या भोवती पांढरं पुट धरलं, तिथलं गवत जळून गेलं.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या खाणावळीच्या मागच्या अंगणात आम्ही तारल्या खारवत होतो. मी, कालिरोई आणि आणखी दोघी. एक थर माशांचा, एक थर मिठाचा. कालिरोईनं मूठभर मीठ उचललं आणि हात तसाच थांबवला.

"काय गं," ती म्हणाली, "आपण तारल्यांना मीठ कशाला लावतो?"

"टिकायला," मी म्हणाले.

"मग ती तीन वर्षं काय करतेय?"

मग मी फुटले. हसू आवरेना, डोळ्यांतून पाणी. दुसरी म्हणाली, "अगं बाई, मुरवतेय पोराला!" आणि आम्ही सगळ्या त्या पिंपावर वाकून हसत होतो, तेव्हा मागे बादलीचा आवाज झाला. अर्गिरो अंगणाच्या दारात उभी होती. माझ्या विहिरीचं पाणी न्यायला आली होती, नेहमीसारखी.

ती माझ्याकडे आली. "झाबेता, खरं का गं?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले. "तारल्या मात्र वर्षभर टिकतात."

ती गेली. बादली तिथेच राहिली, ती मी अजून वापरते.

त्याच उन्हाळ्यात अथेन्सहून दानाई आली. पुराण्या वस्तूंच्या खात्यातली, तरुण, डोक्यावर पसरट टोपी, नाकाला सदा पांढरं मलम. देवळामागे, झाऊच्या झाडांपलीकडे तिनं दोऱ्या बांधून खणायला घेतलं आणि जुन्या लोकांच्या कबरी निघाल्या. पाहुणे फोटो काढायला गोळा झाले. अर्गिरोही टोपली घेऊन दोरीपाशी गेली. मी दानाईचं जेवण घेऊन गेले होते, म्हणून मी ऐकलं.

पत्र्याच्या तबकात एक कवटी ठेवली होती. मधाच्या रंगाची. सगळे दात जागेवर.

"किती दिवसांची?" अर्गिरोनं विचारलं. किती महिन्यांनी ती कुणाशी आपणहून बोलली होती.

"अडीच हजार वर्षं तरी," दानाई म्हणाली. "तरुण मुलगा. पंचविशीच्या आतबाहेरचा. बघा ना, किती स्वच्छ निघालाय."

"याला कुणी शाप दिला नव्हता?"

दानाईला वाटलं म्हातारी गंमत करतेय. हसून म्हणाली, "दिला असेल तर फिटला आजी, एवढ्या वर्षांत."

अर्गिरो त्या कवटीकडे बघत राहिली. पंचविशीचा मुलगा, स्वच्छ, पिवळा. मी तिला म्हणाले, चल, ऊन लागेल. ती हलली नाही.

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी जेवणानंतर सगळं बेट झोपतं. दुकानं बंद, कुत्री बंद, पाद्रीबाबा तर केव्हाचेच बंद. दानाईची माणसंही झाऊच्या सावलीत तोंडावर टोप्या टाकून पडायची. त्या दुपारी मी भांडी घासत होते, म्हणून मला अर्गिरो दिसली, कड्याच्या वाटेनं वर जाताना. कडेवर टोपली, टोपलीवर अंजिराची पानं.

"ए अर्गिरो, दे की चार!" मी खिडकीतून ओरडले.

"ही विकायची नाहीत," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी दानाई रडकुंडीला आली होती. तबक रिकामं. मी म्हणाले, अहो, किनाऱ्यावर लाल तंबू ठोकून राहिलेत ना ते परदेशी, त्यांनी नेली असेल, त्यांना असल्या गोष्टींचं वेड असतं. तिनं लाल तंबूवाल्यांची सगळी सामानं उचकली आणि त्यांनी तिला त्यांच्या भाषेत काय काय ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, स्तामातिसची कबर उघडायची होती. सगळं गाव वर चढलं. वरच्या गावातनंही लोक आले, एरवी बारशाला बोलावलं तरी न येणारे. भर उन्हात रंगीत छत्र्या, घुगऱ्यांची ताटं, मेलेल्यांसाठीच्या त्या साखर-डाळिंब घातलेल्या गव्हाच्या घुगऱ्या, आणि सगळ्यांच्या नजरा त्या पांढरं पुट धरलेल्या चौकोनावर. कुणी उघड बोललं नाही, पण काय बघायला आले होते ते काय मला कळत नाही? मीही त्याचसाठी आले होते. माझ्या हातात वाइनचं घंगाळ होतं. दानाईसुद्धा आली होती, मागे उभी होती. इथल्या चालीरीती बघायच्या होत्या म्हणे तिला.

पाद्रीबाबांनी धूप फिरवला. कालिरोईनं झगा वर खोचला, कमरेपर्यंत खड्ड्यात उतरली आणि डोक्याच्या बाजूनं खुरप्यानं माती ओढायला लागली. अर्गिरो काठावर गुडघ्यांवर बसली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

फळी कुजून आत बसली होती. कालिरोईनं हात घातला, चाचपलं. मग तिनं दोन्ही हातांनी काहीतरी उचललं, घंगाळात बुचकळलं, वर धरलं. पिवळी. स्वच्छ. मधासारखी.

"माफ झालं!" कालिरोई ओरडली. "आईचा शब्द सुटला!"

बायकांनी छातीवर क्रूस काढले. दोघीतिघी रडल्या. वरच्या गावच्यांचे चेहरे मात्र पडले, एवढं ऊन खाऊन आले होते बिचारे. कालिरोईनं कवटी अर्गिरोच्या हातांत दिली. अर्गिरोनं तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि गायला लागली. मेलेल्याला उद्देशून गातात ते रडगाणं. "माझ्या डोळ्या, माझ्या सोन्या, आलास का वर." तीन वर्षांनी तिचा तो आवाज! कडाभर घुमला. पण मी तिच्या अगदी शेजारी होते आणि मला काहीतरी खटकलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. हातातल्या डोक्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती खड्ड्याकडे बघत होती.

गाणं अर्ध्यावर तोडून ती म्हणाली, "पुरे, कालिरोई. लोट माती."

"पुरे काय? हातपाय काय इथेच ठेवायचे त्याचे?" कालिरोई म्हणाली आणि परत वाकली.

"नको!" अर्गिरो ओरडली. "नको म्हणते ना! दिसलं ना सगळ्यांना? झालं ना?"

कालिरोईनं ऐकलं नाही. खांद्याची हाडं आली, स्वच्छ. बरगड्या आल्या, स्वच्छ. मग तिचा हात थांबला. तिनं हळूच वर काढलं. दुसरं डोकं होतं. पिवळं, स्वच्छ, सगळे दात जागेवर.

मागून वरच्या गावचा कुणी म्हणाला, "दोन होती होय त्याला? म्हणूनच एकही चालत नव्हतं!" आणि लोक हसले. हो, हसले. स्मशानात, धुपाच्या वासात, घुगऱ्यांची ताटं हातात धरून. मीसुद्धा घंगाळावर मान घालून हसू दाबलं.

कालिरोईच्या हातून ती दुसरी कवटी सुटली आणि माझ्या घंगाळात पडली. त्याच वेळी अर्गिरो पुढे झेपावली, तिच्या हातातली पहिलीही त्यातच पडली. लाल वाइनमध्ये दोन गोटे एकमेकांवर आपटून फिरले आणि थांबले. त्यांतली पहिली कुठली आणि दुसरी कुठली, मला विचारू नका. घंगाळ माझ्याच हातात होतं आणि मलाही सांगता आलं नाही.

मग अर्गिरो बोलली. सगळं सांगितलं, तिथेच, गुडघ्यांवर बसून. काल दुपारी आली, डोक्याच्या बाजूनं हातांनी माती उकरली. डोळे घट्ट मिटून. फळीला भोक लागलं तशी ती कवटी आत ढकलली, दंडापर्यंत हात घालून, आणि माती ओढून घेतली. उघडून बघितलं नाही. तिला वाटत होतं आत तो तसाच असेल, खारवलेला, डोळे उघडे, तिच्याकडे बघत. वरचं डोकं स्वच्छ निघालं की तुम्ही सगळे खूश व्हाल, मग मी खड्ड्यावर आडवी पडेन, खाली खणू देणार नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"अगं वेडे," पाद्रीबाबा म्हणाले, "त्याला केव्हाच माफ झालं होतं."

ते खरंच होतं. आत सगळं स्वच्छ होतं. मीठ नाही, शाप नाही, काही लागलं नव्हतं. नुसतं बघितलं असतं तरी पुरलं असतं.

"ओळख मग," कालिरोई घाम पुसत म्हणाली. "आईच्या हाताला कळतं."

अर्गिरोनं दोन्ही बाहेर काढल्या, मांडीवर घेतल्या. आधी एक चाचपली, मग दुसरी. कपाळ, गाल, हनुवटी. मग डाव्या कानामागची जागा अंगठ्यानं शोधायला लागली. तिथे त्याला लहानपणी खोक पडली होती, भिंतीवरूनच पडला होता, टाके घातले होते. आम्हा सगळ्यांना ठाऊक होती ती खूण. पण खूण कातडीवर असते. ती अंगठा फिरवत राहिली, एकीवर, दुसरीवर, परत पहिलीवर. वाइन तिच्या कोपरांवरून गळत होती. मघाशी जिचा मुका घेऊन खोटं खोटं गायली होती ती परकी होती की तोच होता, हेही आता तिला कळायला मार्ग नव्हता. तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं की तिला नेमकं तेच सुचलंय.

गर्दीतून दानाई पुढे आली. मलम घामानं ओघळलं होतं. ती वाकली, दोन्ही निरखल्या, दात बघितले, एकीला नखानं टोकरलं. मग एक उचलली.

"बहुतेक ही आमची," ती म्हणाली.

"बहुतेक?" अर्गिरोनं विचारलं.

"कालच तर निघाली होती, आजी. अजून मोजमापं घेतली नव्हती, चित्रही काढलं नव्हतं. आणि आता वाइन... अथेन्सला दोन्ही नेल्या तर नक्की सांगता येईल. पण मग मला वर कळवावं लागेल, पोलिस येतील. ही चोरी आहे, तुरुंग आहे याला."

"पोलिस नकोत," पाद्रीबाबा घाईनं म्हणाले. "घेऊन जा तुम्ही ती. विषय संपवा."

"दोन्ही मला दे," अर्गिरो म्हणाली. दानाईचा पाय धरला तिनं. "दोन्ही धुईन, दोन्हींपुढे दिवा लावीन. तुला काय करायचंय? तुझ्याकडे खूप आहेत. कुणाच्या तरी आईचा आहे ना तोही? मी बघेन त्याचं."

दानाई रडत होती, पण कवटी तिनं सोडली नाही. सरकारची वस्तू होती ना. टोपी काढून तिच्यात गुंडाळली आणि खाली उतरून गेली. उरलेली पाद्रीबाबांनी पेटीत ठेवली, वर नाव घातलं, स्तामातिस निकिता, म्हणजे निकितासचा. घुगऱ्या वाटल्या. लोकांनी खाल्ल्या. साखर जरा कमी होती.

आता शनिवारी अर्गिरो वर जाते, पेटीपुढे दिवा लावते. मग खाली उतरते आणि देवळामागे दानाईची पत्र्याची शेड होती ना, खोक्यांची, तिच्या कुलूपबंद दारापाशी दुसरा दिवा लावते. पाहुणे फोटो काढतात. त्यांना वाटतं, ही माणसं अजून जुन्या देवीला भजतात! कालिरोई तर म्हणते, "शेवटी लागला बाई स्तामातिस सरकारी नोकरीला." गावाला ते फार आवडलं. आता कुणाचा पोरगा रिकामा हिंडला की म्हणतात, अरे, खोक्यात जाऊन बस, पगार मिळेल.

गेल्या वर्षी खात्यानं शेड रिकामी केली. सगळी खोकी बोटीनं मुख्य भूमीवर न्यायची होती, कुठल्याशा गोदामात. धक्क्यावर सगळं गाव जमलं. खरं सांगते, आम्ही अर्गिरोसाठीच जमलो होतो. आज तरी ती फुटेल, आज तरी बोटवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरेल! हमाल खोकी फेकल्यासारखी चढवत होते. ती पुढे गेली. आम्ही कान टवकारले.

"हळू ठेवा हं, बाळांनो," ती म्हणाली. "डोकं आहे."

एवढंच. बोट गेली. मला असा संताप आला म्हणून सांगू! घरी परतताना मी तिला रस्त्यात गाठलं, हात धरून वळवलं.

"दे की शाप!" मी ओरडले. "बोटीला दे, कालिरोईला दे, मला दे! तारल्यांवरून हसले होते ना मी? दे मला! मी म्हणते काहीतरी बोल, हा किनारा मेल्यासारखा पडलाय!"

तिनं माझा हात सोडवला. चिडली नाही, रडली नाही.

"शाप लागत नाहीत गं, झाबेता," ती म्हणाली. "लागला असता, तर मी त्याला तोंडावरून ओळखलं असतं."

आणि वारा सुटला होता, म्हणून ती छत्र्या मिटायला गेली.